धोंड्याच्या महिन्यातलं स्वीडिश तांबं

मी स्वीडनला कधी गेलेलो नाही. तिथली भाषा मला येत नाही, तिथलं कोणी ओळखीचं नाही, आणि थंडीचं म्हणाल तर मला ऑफिसातला एसीसुद्धा सोसत नाही, भर मे महिन्यात मी स्वेटर घालून मीटिंगला बसतो. तरीही गेली नऊ वर्षं सिंगापुरात, बिशानच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी स्वीडनची सतराव्या शतकातली तांब्याची नाणी जमवतो आहे. का, असं कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं. आमच्या मजल्यावर एका गृहस्थांकडे सहा सायकली आहेत आणि ते रोज लिफ्टने खाली जाऊन टॅक्सीत बसतात. त्यांना कोणी का विचारत नाही?

तरी एकदा सांगून टाकतो. स्वीडनमध्ये तेव्हा चांदी थोडी आणि तांबं मुबलक. मग तिथल्या राजांनी ठरवलं की नाणी तांब्याचीच पाडायची, पण फसवाफसवी नको. नाण्याची जेवढी किंमत तेवढ्या किमतीचं तांबं त्यात असलंच पाहिजे. आता चांदीच्या मूठभर नाण्यांच्या किमतीचं तांबं म्हणजे केवढं होणार? नाणी फुगत फुगत गेली आणि सगळ्यांत मोठं जे निघालं ते जवळजवळ वीस किलोचं. चौकोनी पत्रा, चार कोपऱ्यांत चार शिक्के, मध्ये एक. ह्याला ते लोक पैसा म्हणायचे. तिथल्या खिसेकापूला हातगाडी लागत असणार. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसून हसून माझा जीव गेला आणि मी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे बाजारात जाताना बरोबर हमाल आणि येताना हातात कोथिंबिरीची जुडी. तिच्या दृष्टीने विषय तिथे संपला. माझा तिथे सुरू झाला.

अर्थात असला पत्रा माझ्याकडे नाही. तो घ्यायचा तर फ्लॅट विकावा लागेल, आणि मग पत्रा ठेवायचा कुठे? माझ्याकडे आहेत ती अकरा लहान नाणी. झिजलेली, काळपट, कडा खाल्लेली. पाहुण्यांना दाखवली की पाहुणे चहा लवकर संपवतात.

ह्या नाण्यांपायी मला एक स्नेही मिळाले. तोआ पायोहला राहणारे एक चिनी गृहस्थ, वय अठ्ठ्याहत्तर, जन्मभर मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होते. सिंगापुरात वयस्कर माणसाला अंकल म्हणतात, म्हणून मीही त्यांना अंकलच म्हणतो. दर रविवारी सकाळी आम्ही त्यांच्या ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमध्ये भेटतो, कोपी, म्हणजे इथली कॉफी, पितो आणि एकमेकांची नाणी भिंगातून बघून नाकं मुरडतो. अंकल फार कमी बोलतात. एकदा मी महिनाभर पुण्याला जाऊन आलो तर ते एवढंच म्हणाले, की खुर्ची रिकामी होती.

त्यांच्याकडे एक वस्तू अशी होती की तिच्यापुढे माझी अकराच्या अकरा नाणी म्हणजे चिल्लर. टाकसाळीत नवा ठसा तयार झाला की कारागीर तो आधी तांब्याच्या एखाद्या तुकड्यावर मारून बघायचे, नीट उमटतो की नाही ते. एका बाजूला ठसा, दुसरी बाजू कोरी. बघून झालं की तुकडा परत भट्टीत. नाणी लाखांनी निघाली, पण हे चाचणीचे तुकडे कोण ठेवतंय? तरी एखादा कुठेतरी राहून जातो. तसा एक अंकलना तरुणपणी गोथेनबर्गला जहाज लागलं असताना एका म्हाताऱ्याच्या दुकानात मिळाला. पुरीएवढा, काळसर तपकिरी. वर तीन मुकुट, त्यातला एक कडेवरून अर्धा बाहेर घसरलेला. अख्ख्या सफरीचा पगार त्यांनी त्यात घातला. घरी आल्यावर बायको महिनाभर बोलली नाही. ती आता नाही. तुकडा मात्र बिस्किटांच्या जुन्या डब्यात, कापसात, पंचेचाळीस वर्षं जपलेला. पहिली दोन वर्षं त्यांनी मला त्याला हात लावू दिला नव्हता.

मागच्या अधिक महिन्यात अंकलच्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्याच आठवड्याच्या शेवटी, रविवारी, तोआ पायोहच्या कम्युनिटी क्लबमध्ये रहिवाशांच्या संग्रहांचं छोटं प्रदर्शन होतं आणि अंकल तो तुकडा आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर मांडणार होते. मला म्हणाले, तुझ्याकडे चांगला कॅमेरा आहे, आठवडाभर घेऊन जा, फोटो काढ. पुसू नकोस. धुऊ नकोस. श्वाससुद्धा जरा लांबून घे. मी तो तुकडा एका डबीत ठेवून, दोन्ही हातांत धरून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, घरी आणला. मला बसायला जागा मिळाली होती तरी मी उभा राहिलो, का कोण जाणे. डबी माझ्या टेबलाच्या खणात ठेवली. फोटो शनिवारी निवांत काढू म्हटलं.

आता घरातली परिस्थिती सांगायला हवी, कारण घरात तेव्हा माझे सासरे होते.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामा म्हणजे पुण्याच्या तांबट आळीतले तांबट. वयाच्या आठव्या वर्षी हातात हातोडी घेतली ती अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत सोडली नाही. बंब, घंगाळी, हंडे, कळश्या, सगळं ठोकून केलेलं, आणि वर मठारलेलं. मठारणं म्हणजे भांड्यावर हातोडीच्या सारख्या ठोक्यांनी ओळीत ठिपके उठवणं. त्याने पत्रा घट्ट होतो आणि भांडं झगझगतं. अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने कॉम्प्युटरवाला पसंत केला. वीस वर्षं झाली, मामा माझ्याशी अदबीने वागतात, अहो-जाहो करतात, आणि वर्षातून एकदा विचारतात की तुम्ही नक्की काय करता. मी सांगतो. ते म्हणतात, बरं. त्या ‘बरं’चा मला वीस वर्षं त्रास होतो आहे.

मामी दोन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून मामा नुसते बसून असायचे, म्हणून बायकोने धोंड्याच्या महिन्याचं निमित्त करून त्यांना सिंगापूरला बोलावलं. ते सामानात दोन हातोड्या आणि एक कानस घेऊन आले. विमानतळावर वजन जास्त भरलं तेव्हा त्यांनी चकल्यांचा डबा काढून ठेवला, हातोड्या नाही. बायको म्हणाली, असू देत, सवय आहे त्यांची, उशाला घेऊन झोपतात.

आल्या आल्या मी मोठ्या हौसेने त्यांना माझी अकरा नाणी दाखवली. शेवटी विषय तांब्याचा, म्हटलं आता तरी आमचं जमेल. मामांनी चष्मा लावून एकेक नाणं बघितलं, बोटावर तोलून टिचकी मारून आवाज ऐकला, आणि विचारलं की हे कोणत्या गाढवाने केलंय. ठसा मध्यावर नाही, कड फुटलेली, पत्रा एकीकडे जाड, एकीकडे पातळ. आमच्याकडे पोराने असा माल केला असता तर त्याला त्या दिवशी जेवायला वाढलं नसतं. मी म्हटलं, मामा, तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीची आहेत ही. ते म्हणाले, तेव्हा काय माणसांना हात नव्हते?

मला भयंकर राग आला. मी नाणी आवरली आणि मनाशी शपथ घेतली की ह्या माणसाशी तांब्याबद्दल पुन्हा एक अक्षर बोलणार नाही. म्हणूनच अंकलचा तुकडा आणला तेव्हा मी घरात कोणालाच काही सांगितलं नाही. ना तो कोणाचा आहे ते, ना तो काय आहे ते. पुढे जे झालं त्यात ही शपथच नडली, पण ते कळायला मंगळवार उजाडावा लागला.

मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून आलो तर लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरची आंटी भेटली. तिने विचारलं, तुमच्याकडे रिनोव्हेशन चालू आहे का, परमिटचा कागद लिफ्टपाशी लावलेला दिसत नाही. दोन दिवस नुसतं टक टक टक चाललंय. मी तिला छातीठोकपणे सांगितलं की आमच्याकडे अजिबात नाही, वरच्या मजल्यावर असेल, तक्रार करा. हवं तर मीही सही करतो म्हणालो.

दार उघडलं तर समोर रांगोळी. पाट मांडलेला. बायको रेशमी साडीत, मामा स्वच्छ धोतरात. मग आठवलं, आज धोंड्याचं वाण. अधिक महिन्यात जावयाला विष्णू मानून तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं आणि त्याबरोबर काहीतरी वस्तू द्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. लग्नानंतरच्या प्रत्येक अधिकात मामांनी मला स्वतःच्या हाताने केलेली तांब्याची वस्तू दिली आहे. ताम्हण, समई, गडू, आणि एकदा तर एवढं मोठं घंगाळं की ते पुण्यात आणि आम्ही सिंगापुरात. अनारशांचं पीठ मामांनी पुण्याहूनच आणलं होतं, तरी इथल्या दमट हवेत बायकोचे निम्मे अनारसे तुपात हसले होते. तिने तुकडे जुळवून तेहतीसचा आकडा कसाबसा गाठला होता.

मी हातपाय धुऊन पाटावर बसलो. मामांनी ताट पुढे केलं. अनारशांवर केळीच्या पानाचा तुकडा, आणि पानावर एक तांब्याची चकती, अशी लखलखीत की वरच्या ट्यूबलाइटकडे बघावं की तिच्याकडे. मी म्हटलं, वा, झाकण का? आणि हातात घेतली. तीन मुकुट होते. त्यातला एक कडेवरून अर्धा घसरलेला.

मी चकती उलटी केली. मागची कोरी बाजू कोरी नव्हती. मधल्या एका ठिपक्यापासून कडेपर्यंत गोल गोल रांगांनी मठारलेली. एकही ठिपका दुसऱ्यापेक्षा मोठा नाही.

मामा म्हणाले, “जावईबापू, तुम्हाला तांब्याची आवड आहे हे ह्या खेपेला बघितलं. तुमच्या खणात हा तुकडा दिसला. एका अंगाला काम झालेलं, दुसरं अंग तसंच. असं अर्धवट काम घरात ठेवू नये. पुरं करून दिलं.”

आणि ऐंशी वर्षांच्या त्या माणसाने, गुडघे दुखत असताना, खाली वाकून मला नमस्कार केला.

ज्याने विष्णू समजून पायावर डोकं ठेवलं त्याच्यावर विष्णूने ओरडायचं कसं? मी म्हणालो, छान झालंय. मग मामा खुलले. वीस वर्षांत माझ्याशी बोलले नसतील एवढं एका दमात बोलले. आधी चिंच आणि मीठ लावून काळेपण काढलं. मग कानशीने फुटकी कड सारखी करून घेतली. ऐरण नव्हती, म्हणून लोखंडी खल उपडा घातला. पण तसंच ठोकलं असतं तर वरचे तीन टोप चेपले असते, म्हणून खाली माझी बाथरूममधली रबरी स्लिपर घेतली. टोपांना एवढासाही धक्का लागू दिला नाही, बघा. मी बघितलं. खरंच लागला नव्हता. मी अनारसा तोंडात घातला.

स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सगळं सांगितलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, बाबांना हे कळता कामा नये. आई गेल्यापासून त्यांनी हातोडी उचलली नव्हती, काल पहिल्यांदा उचलली. काल ते दोन पोळ्या जास्त जेवले. मी म्हटलं, आणि अंकल? त्यांच्या पंचेचाळीस वर्षांचं काय? त्यांना मी काय दाखवू, स्लिपर? ती म्हणाली, अंकलना तू सांग, काय सांगायचं ते सांग, पण बाबांना नाही. नाणं तुझं नाही, बाबा माझे आहेत. ह्यात नेमकं चूक काय होतं ते मला अजून सापडलेलं नाही.

रविवारला चार दिवस होते. ठिपक्यांचं काही करता येणार नव्हतं, पण निदान ती लग्नातल्या भांड्यासारखी चकाकी तरी घालवावी म्हणून मी इंटरनेटवर शोधलं. तिथे एकाने लिहिलं होतं की उकडलेली अंडी कुस्करून तांब्याबरोबर डब्यात बंद करून ठेवली की तांबं काळवंडतं. बुधवारी मी सहा अंडी उकडली. डबा खणात ठेवला. गुरुवारी संध्याकाळी उघडला तर खोलीभर असा वास सुटला की मुलगी आली, दारातूनच “पप्पा, व्हाय लाइक दॅट” म्हणाली आणि निघून गेली. पण चकती सुरेख काळसर तपकिरी झाली होती. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं आणखी एक दिवस ठेवू, रंग बसू दे.

शुक्रवारी घरी आलो तर चकती देवघरात, पहिल्यापेक्षा लखलखीत. मामा म्हणाले, अहो, तुमच्या खणात अंडी फुटली होती, सगळी घाण लागली होती ह्याला, परत चिंच लावली. बरं झालं मी बघितलं. अंडी टाकून दिली.

मी बरं म्हणालो. अगदी त्यांच्यासारखं.

रविवारी सकाळी मी डबी पिशवीत घातली आणि हळूच चप्पल शोधत होतो, तर मामा धोतर, कोट, पांढरी टोपी असे दारात तयार. बायकोने आदल्या दिवशी सहज बोलताना त्यांना सांगितलं होतं की तिकडे प्रदर्शन आहे. तिच्या मनात एवढंच होतं की मी घाबरलेला का दिसतो त्याला काहीतरी कारण द्यावं. मामांनी त्याचा अर्थ लावला की त्यांनी केलेली वस्तू जावई लोकांसमोर मांडणार. म्हणाले, “आमचं काम मांडणार आणि आम्ही घरी बसायचं, हे बरं दिसतं का?” बायकोने माझ्याकडे बघितलं आणि कणीक मळायला निघून गेली. बिशानहून तोआ पायोह दोन स्टेशनं. त्या दिवशी ती वीस असती तर बरं झालं असतं. मामा मात्र खुशीत होते, गाडीच्या डब्यातला दांडा हाताने चाचपून स्टील चांगलं आहे म्हणाले.

अंकल नेहमीच्या टेबलापाशी बसले होते. समोर बिस्किटांचा डबा. काळा चष्मा लावलेला पाहून मला क्षणभर आशा वाटली, पण आम्हाला पाहताच त्यांनी तो काढला आणि आनंदाने सांगितलं की ऑपरेशन फार छान झालं. समोरच्या ब्लॉकवरच्या बारक्या अक्षरातली पाटी त्यांनी मला वाचून दाखवली. इतकी वर्षं धूसर बघणाऱ्या माणसाला नेमकं त्याच आठवड्यात लख्ख दिसायला लागलं होतं. मी मामांची ओळख करून दिली. दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांना हसून माना डोलावल्या. मग अंकलनी डब्याचं झाकण काढलं, कापूस सारखा केला आणि हात पुढे केला.

मी डबी दिली. त्यांनी उघडली.

मी बोलायला लागलो आणि थांबलोच नाही. इंग्रजीत, एका दमात, सगळं. अधिक महिना काय असतो, जावयाला विष्णू का मानतात, माझी शपथ, चिंच, खल, स्लिपर, अंडी. फोटो काढायचे राहिले तेही सांगितलं. अंकल चकतीकडे बघत होते. मधेच त्यांनी ती उलटी केली आणि अंगठा ठिपक्यांवरून फिरवला. मामा शेजारी बसून कौतुकाची वाट बघत होते. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे कळून त्यांनी छातीवर हात ठेवून मान किंचित लववली.

अंकलनी विचारलं, ह्यांना माहीत आहे का? मी नाही म्हटलं.

“मला राग आलाय,” अंकल म्हणाले. “फार आलाय. पाच मिनिटं दे.”

चकती टेबलावर ठेवून ते उठले, आपला कोपीचा कप घेतला आणि तिसऱ्या टेबलापाशी आमच्याकडे पाठ करून बसले. मला रडू यायच्या बेतात होतं, खोटं कशाला बोलू. एवढा मोठा माणूस राग आला की वेळ मागून घेतो आणि मी मात्र तो आठवडाभर नाण्यांच्या डबीत झाकून ठेवतो.

मामांनी विचारलं की ते का उठले, काम आवडलं नाही का. मी म्हटलं, डोळ्याला उजेड सहन होत नसेल. मामांची नजर बिस्किटांच्या डब्यावर होती. पंचेचाळीस वर्षं एकच वस्तू ठेवून कापसात एक गोल खड्डा पडला होता. मामांनी चकती उचलली आणि त्या खड्ड्यात ठेवली. ती बसली. फक्त एका बाजूला, जिथे फुटकी कड कानशीने काढली होती, तिथे नखाएवढी फट राहिली. मामांनी त्या फटीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

“हे ह्यांचं होतं,” ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

“आणि ते तसंच असायचं होतं.”

मी हो म्हटलं.

“पाच दिवस तुम्ही बोलला नाहीत.”

मी म्हटलं, “मामा, तुम्ही नमस्कार केला होता.”

मामा उठले, टोपी सारखी केली, आणि तिसऱ्या टेबलापाशी गेले. अंकलच्या समोर उभे राहिले आणि दोन्ही हातांनी स्वतःचे दोन्ही कान धरले.

अंकल घाबरलेच. त्यांना वाटलं म्हाताऱ्याचे कान दुखताहेत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, कोमट पाणी मागवलं आणि मला लांबूनच ओरडून विचारलं की विमानातून आल्यापासून हे असं आहे का, पॉलिक्लिनिकला न्यायचं का. मी धावत गेलो आणि समजावलं की कानांना काही झालेलं नाही. आमच्याकडे माणसाची चूक झाली की तो असे कान धरतो. शाळेत लहान मुलं धरतात. ऐंशी वर्षांच्या माणसाला कान धरताना मीही पहिल्यांदाच बघतो आहे.

अंकलनी ते नीट ऐकून घेतलं. मग विचारलं की किती वेळ धरायचे असतात. मी म्हटलं, तुम्ही सोडा म्हणेपर्यंत. अंकलनी लगेच सोडा म्हटलं नाही. कोपीचा एक घोट घेतला. मग दुसरा घेतला. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं बघायला लागली. मामा कान धरून ताठ उभे होते, कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत वर गेल्या होत्या, आणि हातांवरचे जुने भाजल्याचे डाग सगळ्यांना दिसत होते.

“ओके ला,” अंकल म्हणाले. मी ते मराठीत सांगितलं तेव्हाच मामांनी हात खाली घेतले.

मग अंकल आमच्या टेबलावर परत आले आणि मला म्हणाले, कार्ड छापून आणलं असशील ना, दे. मी आणलं होतं. फोटो सोडून सगळं वेळेवर केलं होतं. चाचणीचा ठसा, तांबं, स्वीडन, सतरावं शतक. मागची बाजू कोरी. अंकलनी चकती नव्या डोळ्याजवळ धरली आणि मागची बाजू उन्हाकडे करून बघत राहिले. म्हणाले, पंचेचाळीस वर्षं दर रविवारी मी ही बाजू उलटून बघतो. दर रविवारी तिथे काही नसतं. तरी बघतो. एवढं बोलून ते स्वतःशीच हसायला लागले, आधी नाकातून, मग पोट हलवत, आणि त्यांचं बघून काय झालं ते न कळता मामाही हसले. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, ते बघून ते दोघं आणखी हसले.

अंकलनी खिशातून पेन काढलं, कार्डावरची शेवटची ओळ खोडली आणि खाली सावकाश काहीतरी लिहिलं. मामांनी मला कोपराने ढोसलं, काय लिहिलंय म्हणून. मी वाचून दाखवलं.

“पुढची बाजू: स्वीडन, सतरावं शतक. मागची बाजू: पुणे, गेला मंगळवार.”

मामांनी विचार केला आणि मान हलवली.

“मंगळवार कसा?” ते म्हणाले. “त्यांना सांगा, सोमवारी सकाळी बसलो होतो. नुसत्या कडेलाच अख्खा दिवस गेला.”

मी सांगितलं. अंकलनी पेनचं टोपण पुन्हा काढलं.